काळोखातला ढोल



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार संघटक' आणि त्याखाली 'डी.जे.च्या एका तबकडीचा आस्वाद' असा विषय वाचून छपाईत दोन वक्त्यांची अदलाबदल झाली असावी, असे काही जणांना वाटले. तशी ती झालेली नाही. किमान मजुरी, विडी कामगारांची ओळखपत्रे, भविष्यनिर्वाह निधी यांवर मी वर्षभर बोलतच असतो, आणि ते ऐकून कंटाळलेले चेहरे मला येथूनही दिसत आहेत. आज काम संपल्यानंतरच्या वेळेबद्दल बोलू. कामगार चळवळीने ती वेळ झगडून मिळवली, पण तिचे करायचे काय, हे मात्र आम्ही पुढाऱ्यांनी फारसे कधी विचारले नाही.

आरंभी एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे डी.जे. म्हणजे वरातीपुढे मालमोटारीवर रचलेली कर्ण्यांची भिंत. तिच्यामुळे खिडक्यांची तावदाने हलतात, म्हातारी माणसे छातीवर हात ठेवतात, आणि नवरदेवाला स्वतःच्या लग्नात बोलता येत नाही. त्या भिंतीचा मी पाठीराखा नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. ती कोणी पाळताना मी पाहिलेला नाही. परंतु डी.जे. हे मुळात खोक्याचे नाव नव्हे, माणसाचे आहे. ध्वनिमुद्रिका निवडून, एकीला दुसरी जोडून रात्रभर लोकांना नाचवणारा तो कारागीर. आज मी बोलणार आहे तो त्या कारागिरीविषयी.

माझ्यापुढे जी तबकडी आहे तिचे नाव 'डार्क ड्रम्स', म्हणजे काळोखे ढोल म्हणा. ती 2000 साली निघाली. जोडणारा स्टीव्ह लॉलर हा इंग्लंडातील बर्मिंगहॅमकडचा. बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचे शहर. तबकड्या दोन, आणि प्रत्येक एक तासाहून लांब. या जातीच्या संगीताला 'ट्रायबल हाउस' म्हणतात आणि त्यातल्या या प्रकाराला 'डार्क' हे विशेषण लावतात. आपल्या गावच्या नावातच 'आंधळ' असल्यामुळे या विषयावर आपला थोडा हक्क पोचतो, असे मी विनोदाने म्हणेन. मला ही तबकडी ऐकवली ती एका हातमाग विणणाऱ्या तरुणाने. माग चालू असताना तो हे कानात घालून बसतो. मी त्याला विचारले, "अरे, यात गाणे कुठे आहे?" तो म्हणाला, "काका, पाच मिनिटं शोधू नका. नुसतं बसा."

मी बसलो. पहिल्यांदा जे ऐकू येते ते सांगतो. एक जाड, खोल थाप. मिनिटाला सुमारे सव्वाशे. तिला चढउतार नाही, ती घाईत नाही, थांबतही नाही. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या भजनात खंजिरी हळूहळू चढत जाते आणि शेवटी सगळी मंडळी डोलू लागतात. येथे लय चढत नाही. म्हणून आपल्या कानाला वाटते, हे काय, एकच एक! तबल्याला समेची खूण असते. येथे चारही थापा सारख्याच वजनाच्या. मग पकडायचे काय?

पकडायचे ते असे. मागाजवळ उभे राहून आठवा. विणकर पावडी दाबतो, ताण्याचे धागे वरखाली होतात, मधल्या वाटेने धोटा पलीकडे जातो, फणी पुढे येऊन बाण्याचा धागा ठोकते. पुन्हा पावडी, पुन्हा धोटा, पुन्हा फणी. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो नुसता खटखटाट. परंतु विणणाऱ्याला माहीत असते की प्रत्येक ठोक्याला कापड एका धाग्याने पुढे गेले. काठावर करवतीचा दाता उमटत आहे की नाही, हे तो पाहत असतो. आपल्या कोशाच्या करवतकाठी साडीचे सारे वैभव या एकसारख्या ठोक्यावर उभे आहे. ठोका चुकला तर दाता चुकला.

या संगीताची वीणही तशीच आहे. खोल थाप हा ताणा. तीवर हाताने वाजवायचे ढोल येतात: क्यूबाचा उभा काँगा, जोडीचे लहान बोंगो, कोठे खुळखुळा, कोठे घंटा. बहुधा आठ आवर्तनांनी, म्हणजे बत्तीस थापांनी, एखादी वस्तू आत येते किंवा बाहेर जाते. ती वाजत गाजत येत नाही. ती आली हे आपल्याला ती आल्यानंतर कळते. एखादा पुरुषी आवाज तळघरातून आल्यासारखा दोन शब्द बोलतो आणि नाहीसा होतो. मग अकस्मात खोल थापच काढून घेतात. पायाखालचा पाट ओढावा तसे होते. वर नुसते हातढोल अधांतरी वाजत राहतात, आणि आपण, ज्यांना पाच मिनिटांपूर्वी त्या थापेचा कंटाळा आला होता, तिची वाट पाहू लागतो. ती परत येते तेव्हा होणारा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या टाचेने मात्र तो जमिनीला सांगितला.

आता जोडकाम. लॉलरने यातली बहुतेक गाणी स्वतः रचलेली नाहीत. मग त्याने केले काय, असा रास्त प्रश्न कोणीही विचारील. अखंड नामसप्ताह ज्यांनी पाहिला आहे त्यांना उत्तर चटकन कळेल. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलताना पहिल्या वीणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि त्या क्षणी नाम तुटत नाही. डी.जे.चे सारे कसब त्या हस्तांतरात आहे. एक ध्वनिमुद्रिका संपत आली की तो दुसरी एका कानाने गुपचूप ऐकतो, तिची गती पहिलीशी बरोबर जुळवतो, आणि मग दोन्ही काही वेळ एकत्र चालू देतो. त्या मिनिटा-दोन मिनिटांत एक तिसरेच संगीत तयार होते, जे दोघांपैकी कोणीच लिहिलेले नसते. तासाभराच्या तबकडीत असे दहा-बारा पहारे बदलतात. वीणा कधी खाली ठेवली, हे शोधत ऐका, सापडणार नाही.

आणि काळोख? त्याला पुष्कळ लोक दचकतात. माझ्या मते येथे काळोख म्हणजे दुःख नव्हे, अभद्रही नव्हे. सूर थोडे, तेही खालचे. मोकळी जागा फार. झाडीपट्टीतील आपण लोक दिवाळीपासून होळीपर्यंत मंडपात रात्ररात्र नाटके बघतो. रात्री दोनचा प्रवेश आणि संध्याकाळी सातचा प्रवेश यांत जो फरक असतो, तो सांगायला नकोच. दोन वाजता माणूस थकलेला असतो, त्याचा संकोच गेलेला असतो, आणि नटाने हळू बोललेले वाक्यही त्याला लागते. हे संगीत दोन वाजताचे आहे. ते सकाळी अकराला ऐकून नावे ठेवणे म्हणजे दुपारी कंदील लावून त्याला उजेड कमी म्हणण्यासारखे आहे.

हे सारे निघाले कोठून? येथे माझा विषय माझ्या धंद्याला येऊन मिळतो. 'हाउस' हे नाव शिकागोतील 'वेअरहाउस' नावाच्या नृत्यगृहावरून पडले, असे सांगतात. ते 1977 साली एका जुन्या औद्योगिक इमारतीत सुरू झाले, आणि तेथे ध्वनिमुद्रिका जोडणारा फ्रँकी नकल्स 2014 साली वारला. नाचायला येणारे बहुतांशी काळे आणि लॅटिन वंशाचे तरुण, त्यांतले पुष्कळ समलिंगी. इतर ठिकाणी ज्यांना दारातच अडवत, असे. 12 जुलै 1979 रोजी त्याच शहरातील बेसबॉलच्या मैदानावर गर्दी जमवून नाचाच्या ध्वनिमुद्रिकांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. लोकांना वाटले, संपले हे संगीत. त्याच ढिगाऱ्यातून पुढे 'हाउस' उभे राहिले. 2023 साली शिकागो नगरीने ती इमारत जतन करण्याचे ठरवले.

या इमारतीपासून एक किलोमीटरच्या आत हेमार्केटचा चौक आहे. 1 मे 1886 रोजी आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला, 4 मे रोजी त्या चौकात बाँब फुटला, आणि 11 नोव्हेंबर 1887 रोजी चार कामगार पुढारी फासावर गेले. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आणि आठ तास आमच्या मर्जीचे, ही मागणी आपण दर 1 मे रोजी सांगतो. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 पासून रविवारची सुटी मिळाली. मर्जीचे आठ तास म्हणजे वाचनालयच, असे आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. मी स्वतः वाचनालयात शिकलेला माणूस आहे, त्याचे ऋण विसरणार नाही. तरीही शनिवारी रात्री नाचणारा हमाल ते आठ तास वाया घालवतो, असे मी म्हणणार नाही.

यंत्राची गोष्ट थोडक्यात. ती खोल थाप पुष्कळदा माणूस वाजवत नाही. जपानच्या रोलँड कंपनीची 1980 आणि 1983 साली निघालेली तालयंत्रे या संगीताचा कणा ठरली. यंत्राचे नाव काढले की आपल्याकडे परकेपणाची तक्रार होते. त्यांना सांगावे, की मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 साली याच जातीच्या यंत्रांवर दहा राग बसवून ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. 2010 साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकार थक्क झाले. ते 2015 साली वारले.

आता माझी तक्रार 'ट्रायबल' या शब्दाविषयी. ट्रायबल म्हणजे आदिवासी. कोणते? तबकडी ते सांगत नाही. हातढोल वाजले, शब्द कमी असले, थोडा आरोळीसारखा आवाज आला, की हे लेबल चिकटते. आपण ज्या जिल्ह्यात राहतो तेथे आदिवासी हा कल्पनेतला प्राणी नाही. गोंड आपले शेजारी आहेत. त्यांचा ढोल लग्नात निराळा वाजतो, सणात निराळा, आणि तो वाजवणाऱ्याला नाव, घर आणि बिदागी असते. आपल्या कोशाचे कोष ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढवणाऱ्या ढिवर बांधवांचे नाव साडीवर कोठे असते? तसेच हे.

ढोलकऱ्यांनाही नावे होती. नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी यांची 'ड्रम्स ऑफ पॅशन' ही ध्वनिमुद्रिका 1960 साली अमेरिकेत निघाली. तीतली 'जिंगो' ही रचना 1969 साली सांताना यांच्या वाद्यवृंदाने वाजवली, 1979 साली क्यूबाचे काँगावादक कँदिदो यांनी ती नाचघरांत नेली, आणि पुढेही ती फिरत राहिली. ज्याला 'ट्रायबल' म्हणतात त्याच्या वंशावळीत अशी खरी माणसे आहेत. आणि ग्रेगरी कोलमन हा ढोलवादक! 1969 सालच्या एका गाण्यात त्याने सहा-सात सेकंद एकट्याने ढोल वाजवला. तो तुकडा कापून हजारो गाण्यांत, विशेषतः हाउसच्या चुलतभावंडांत, वापरला गेला. कोलमनला त्याचा पैसा मिळाला नाही. 2006 साली तो बेघर अवस्थेत वारला. 2015 साली रसिकांनी वर्गणी करून सुमारे 24,000 पौंड त्या वाद्यवृंदाच्या म्होरक्याला दिले. वर्गणी चांगलीच, पण तिला मजुरी म्हणत नाहीत. आपल्या देशात 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताला, म्हणजे प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला, व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क मिळाला आहे. झाडीपट्टीच्या ढोलकीवाल्यांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे? मोबाइलवर त्यांचे वादन उचलून नेणारे येतच असतात. यासंबंधी ज्यांना अर्ज करायचा असेल त्यांनी उद्या सकाळी माझ्याकडे यावे. कागद मी लिहून देईन, त्याला फी नाही.

हे सर्व माहीत असूनही मला ती तबकडी आवडते का, असे त्या विणकर पोराने विचारले. आवडते. एखाद्या साडीमागची अपुरी मजुरी मला ठाऊक असते म्हणून तिचा काठ मला कमी देखणा दिसत नाही. उलट मी तो जास्त वेळ बघतो. हातढोलाच्या जागा आल्या की हल्ली मी अधिक कान देतो, कारण तेथे कोणाचा तरी तळवा आहे.

आता सव्वानऊ झाले आहेत. तरुण मंडळींनी पहिल्या तबकडीचा आरंभ वाजवण्याची तयारी केली आहे. कर्णे दोनच आहेत, लहान आहेत, आणि आवाज शेजारच्या घरातील मूल जागे होणार नाही इतकाच ठेवायला मी सांगितले आहे. मागचे दिवे मालवले तर बरे. ज्यांना बसून ऐकायचे आहे त्यांनी पुढे यावे, ज्यांना पाय हलवायचे आहेत त्यांनी मागे जावे. खुर्च्या तेवढ्या बाजूला करा. दहाच्या ठोक्याला बंद करू.