यंत्राची साक्ष आणि न्यायाची कसोटी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुवर्य गणित शिकवीत. नुसत्या उत्तराला ते गुण देत नसत. 'रीत दाखवा' असा त्यांचा आग्रह असे. वकिलीच्या व्यवसायात मला या आग्रहाचा फार उपयोग झाला. वाहनाच्या प्रवासाची यंत्राने ठेवलेली नोंद न्यायालयात कितपत विश्वसनीय मानावी, हा आजचा विषय त्याच आग्रहातून निवडला आहे.

१ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या बहुतेक सार्वजनिक प्रवासी वाहनांना केंद्रीय नियमांनी स्थानदर्शक यंत्र सक्तीचे केले. मालवाहू गाड्यांचे अनेक मालकही ते आपणहून बसवितात. साहजिकच अपघात, चोरी, विम्याचे दावे यांत या नोंदींचे कागद न्यायासनापुढे येतात.

समजा, बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या एका ट्रकवर चोर्ला घाटात मध्यरात्रीनंतर पादचाऱ्यास ठोकरल्याचा आरोप आहे. नकाशावर ठिपका आहे, वेळ १ वाजून ४० मिनिटे. चालक म्हणतो, "मी तासाभरापूर्वीच तेथून गेलो होतो." एका बाजूला सुबक नकाशा, दुसऱ्या बाजूला एका गरीब माणसाचा शब्द. येथे रीत तपासावी लागते.

प्रथम वेळ. ही यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. तेथील ४ तारखेची रात्री ८ वाजून १० मिनिटांची नोंद आपल्याकडे ५ तारखेची १ वाजून ४० मिनिटांची ठरते. हे रूपांतर कोणी केले? शिवाय घाटात मोबाइलचे जाळे तुटले की यंत्र नोंदी साठवून ठेवते व मागाहून पाठविते. म्हणून स्थान टिपल्याची वेळ एक आणि ती नोंद सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ दुसरी. कागदावर एकच रकाना असेल, तर तो कोणता, हे विचारलेच पाहिजे.

दुसरे स्थान. स्थान ठरविण्यास किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. मोकळ्या आकाशाखाली चूक थोड्या मीटरांची असते. कड्यांवरून संदेश परावर्तित झाले की ती वाढते. गाडी कोणत्या गावाजवळ होती हे त्यातून समजेल. रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती, हे समजेलच असे नाही.

तिसरा वेग. तो यंत्राने स्वतः मोजला, की दोन ठिपक्यांमधील अंतरावरून कोणी काढला? वळणाच्या रस्त्यावर ठिपके जोडणारी सरळ रेषा रस्त्याहून आखूड असते. असा काढलेला वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो.

आणि यंत्र सांगते ते यंत्राचे स्थान. ते त्याच ट्रकमध्ये होते काय, चाकामागे कोण होते, यांस निराळा पुरावा हवा.

कायदा काय म्हणतो? मूळ यंत्राऐवजी त्यातील नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र आवश्यक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अन्वर विरुद्ध बशीर खटल्यात सांगितले. जालना मतदारसंघाच्या निवडणूक-वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली त्यास पुष्टी मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात नोंदीचे हॅशमूल्य व तज्ज्ञाचा भागही असतो. हॅशमूल्य जुळले म्हणजे ते काढल्यानंतर नोंदीत फेरफार झाला नाही, एवढे कळते. मुळातली नोंद बरोबर होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पुरावा ग्राह्य असणे आणि विश्वासार्ह असणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. घाईत त्या एक मानल्या जातात.

म्हणून यंत्राची साक्ष टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. तिला लोभ नाही, वैर नाही. निरपराध्यास ती सोडवूही शकते. मात्र तिचीही उलटतपासणी व्हावी. छापील नकाशावर न थांबता मूळ नोंदी मागाव्यात, त्या पुसल्या जाण्यापूर्वी मागाव्यात, आणि टोलनाक्याची नोंद, कॅमेऱ्याचे चित्रण व गाडीवरील खुणा यांच्याशी ताडून पाहाव्यात. आपल्यापैकी जे उद्या वकील, पोलीस अधिकारी किंवा अभियंते होतील, त्यांच्या हाती असा कागद येईल. त्या कागदावर एखाद्याचे स्वातंत्र्य आणि मृताच्या कुटुंबाला मिळणारा न्याय, दोन्ही अवलंबून असतील, एवढे ध्यानात ठेवावे.