चाळिशीनंतरची धाव आणि गुडघे



जव्हारजवळचा शिरपामाळ आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, म्हणून हा शिरपामाळ, असे इकडे सांगतात. पण आज मी इतिहास सांगायला आलेलो नाही. अशा माळावर पहाटे धावायला लागलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांच्या गुडघ्यांविषयी बोलायचे आहे.

शाळेतले गुरुजी घ्या. रक्तातली साखर वाढली, पोट सुटले, डॉक्टर म्हणाले, अंग हलवा. गुरुजी उत्साहाने आठ दिवस पळतात, आणि नवव्या दिवशी पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. लगेच शेजारी म्हणतो, "गुरुजी, या वयात कशाला? गुडघे झिजतील की!"

आता हे झिजणे म्हणजे काय ते पाहू. गुडघा हा काही बैलगाडीचा आस नव्हे, की जितका फिरला तितका झिजला. आसाला स्वतःची डागडुजी करता येत नाही. गुडघा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पाय दाबला, सुटला, की ओल्या फडक्यासारखी ती सांध्यातला रस शोषून घेते. तेच तिचे पोषण. म्हणून हौसेने आणि बेताने धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात, असे पाहणीत आढळलेले नाही. मात्र गुडघ्याला पूर्वी मोठी दुखापत झाली असेल किंवा संधिवात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

मग दुखते का? तर घाई. दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो, जीव म्हणतो आणखी पळ. पण स्नायू, हाडे आणि त्यांना बांधणारे बंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. त्यांना महिने लागतात. छाती पुढे गेली आणि गुडघा मागे राहिला, एवढेच ते दुखणे असते.

येथे बारामतीच्या लताबाई करे आठवतात. पतीच्या औषधोपचारासाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई २०१३-१४ च्या सुमारास नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि शर्यत जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात काम त्यांनीच केले. ऐकून आपणही उद्यापासून अनवाणी पळू, असे कोणी मनात आणू नये! त्यांचे पाय जन्मभर शेतमजुरीत राबलेले होते. आपले पाय वीस वर्षे टेबलाखाली होते. आपल्या भागातल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतात, त्यांच्या मांड्या पाहा म्हणजे फरक कळेल.

तेव्हा सुरुवात अशी करा. एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला. असे वीस मिनिटे, एक दिवसाआड. आठवड्याला थोडेथोडेच वाढवा. ढांगा टाकू नका, पावले लहान आणि भराभर ठेवा. तारप्याच्या तालावर फेर धरणारी मंडळी रात्रभर नाचतात, ती लहान पावलांनीच ना? लांब ढांगेत पाय शरीरापुढे जाऊन आपटतो आणि त्याचा दणका गुडघ्यावर येतो. घाटाचा उतारही पळत उतरू नका. तेथे वाटीवर सर्वांत जास्त ताण पडतो. सपाट माळ असताना उतार हवाच कशाला?

दुसरे म्हणजे मांड्या आणि कुल्ले बळकट करा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून सावकाश दहा वेळा उठा-बसा. वर्गातल्या मुलांसमोर गुरुजींनी केले तर मुलांनाही गंमत वाटेल. ओट्याच्या पायरीवर एका पायाने चढा, हळू उतरा. पूर्ण बैठका मात्र दुखत असताना नकोत. तेलाने चोळल्यास बरे वाटते, ते खुशाल चोळा. पण तेलाने स्नायू बळकट होत नाहीत. वजन उतरले तर गुडघ्यावरचा भार उतरलेल्या वजनाच्या कितीतरी पट कमी होतो. नुसता गुडघा वाजत असेल आणि दुखत नसेल, तर वाजू द्या.

दुखण्याची मोजणी सोपी आहे. धावताना किंचित दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेले, तर चालू ठेवा. सकाळीही दुखत असेल, तर पुढच्या वेळी निम्मे धावा. दुखणे दाबायची गोळी घेऊन पळायला मात्र जाऊ नका. गुडघा सांगतो ते ऐकू येईनासे होते.

पण गुडघा सुजला, गरम झाला, मध्येच अडकला, चालताना एकाएकी लचकू लागला, रात्री झोप येईना किंवा सोबत ताप आला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याकडच्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे, आणि कधीपासून, किती धावल्यावर दुखते, हे डॉक्टरांना नीट सांगावे.