रहस्यपटांतील माणसें

रहस्यपट पाहून घरीं परततांना जो वाद होतो, तो बहुधा एकाच प्रश्नानें सुरू होतो: "असें कुठें घडतें का?" प्रश्न रास्त आहे, परंतु आपण तो घटनांना विचारतों आणि माणसांना विचारावयाचें विसरतों.

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' हा मराठी बोलपट १९६४ सालीं आला. त्याच कथेवरून राज खोसला यांनीं १९६६ मध्यें 'मेरा साया' हा हिंदी बोलपट काढला. हिंदींतील हकीकत अशी: एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. पुढें पोलीस दरोडेखोरांच्या टोळींतील एका स्त्रीस पकडतात. तिचा चेहरा हुबेहूब मृत पत्नीचा. ती भर कोर्टांत म्हणते, मीच यांची पत्नी. आणि पतिपत्नींखेरीज इतरांस ठाऊक नसावें असें कांहीं सांगूं लागते. शेवटीं उलगडा होतो कीं, मेली ती जुळी बहीण. आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी होती तीच खरी पत्नी!

ही गोष्ट असंभाव्य खरी. पण असंभाव्यतेला आधार मिळाला कीं मन ती मान्य करतें. आपल्या खानदेशांतलेंच उदाहरण पाहा. तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हें क्षेत्र आहे. लोक त्यास दक्षिण काशी म्हणतात. तेथें १९५५ सालीं पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें. तळाशीं ताम्रपाषाणयुगांतील चित्रित मृद्भांडीं, त्यावर लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती, त्यावर ऐतिहासिक काळ, असे थर निघाले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं या कांठीं चुली पेटत होत्या, हें नुसतें सांगून कोणास पटलें असतें? थरावर थर टेकलेला दिसला, म्हणून पटलें.

कथेंतील माणसाचें वर्तनहि असेंच त्याच्या पूर्वींच्या आयुष्यावर टेकलेलें असावें लागतें. या कसोटीस वकील उतरतो. पत्नीचा मृत्यु त्यानें स्वतः पाहिला आहे, आणि पुराव्यावर विश्वास ठेवणें हा त्याचा व्यवसाय. त्याचा कठोरपणा आपल्याला बोंचतो, पण खोटा वाटत नाहीं.

पत्नीचें काय? "मला जुळी बहीण होती," हें एक वाक्य तिला सोडवूं शकलें असतें. तें ती अगदीं अखेरपर्यंत उच्चारीत नाहीं. बहीण दरोडेखोर, ही गोष्ट सासरीं कळूं नये म्हणून एखादी स्त्री तुरुंगहि पत्करील. घराण्याच्या अब्रूसाठीं जन्मभर मिटलेलीं तोंडें आपल्या समाजानें थोडीं का पाहिलीं आहेत? परंतु त्या भयाचा थर माझ्या मतें कथेच्या तळाशीं पुरेसा घातलेला नाहीं. त्यामुळें तिचें मौन तिचें वाटत नाहीं. तें कथालेखकाच्या सोयीचें वाटतें. ती बोलली असती, तर बोलपट चार रिळांतच संपला असता!

म्हणून पुढील रहस्यपट पाहतांना योगायोग एखादा जास्त झाला तरी क्षमा करावी. मात्र प्रत्येक पात्राविषयीं स्वतःला विचारावें: या माणसानें, या प्रसंगीं, खरोखर असेंच केलें असतें का? घरींहि वाद घालावयाचा तो याच प्रश्नावर घालावा.