चित्रामागील दोन ओळी



१९३७ च्या जानेवारींत अमेरिकेंत ओहायो व मिसिसिपी या नद्यांच्या खोऱ्यांत मोठा पूर आला. पुढच्याच महिन्यांत, शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचें काम पाहणाऱ्या सरकारी खात्याचे छायाचित्रकार वॉकर इव्हान्स हे आर्कान्सॉ राज्यांतील फॉरेस्ट सिटी येथील छावणींत गेले. त्यांच्या एका चित्रांत चेहरा दिसत नाहीं; दिसतात ते रांगेंतल्या कृष्णवर्णीयांचे हात आणि त्या हातांतलीं रिकामीं भांडीं.

नुसतें चित्र पाहणारा म्हणेल, ही भिकाऱ्यांची रांग आहे. हीं माणसें पुरानें निराश्रित झालेलीं असून जेवणाच्या वेळीं उभीं आहेत, हें आपणांस कळतें तें सोबतच्या टिपणामुळें. खात्याच्या त्या संग्रहांतील सुमारें १,७५,००० निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस-ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. परंतु या हातांचीं नांवें टिपणांतही नाहींत. तीं त्याच वेळीं विचारावयास हवीं होतीं.

आपल्याही घरीं आगीचें, पुराचें, सुगीचें एखादें जुनें छायाचित्र असेल. त्यांतील माणसें ओळखणारीं वडीलधारीं मंडळी आहेत तोंवर त्यांना विचारून, पाठीमागें पेन्सिलीनें हलक्या हातानें गांव, साल आणि नांवें लिहून ठेवावीं, एवढीच विनंति.