आत काय आहे?
(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त दिलेल्या व्याख्यानावरून)



युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सीमा उभी राहते. परंतु दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर झालेला सर्वांत भीषण आघात शत्रूच्या विमानातून आला नाही. तो गोदीत उभ्या असलेल्या मित्रपक्षाच्याच जहाजातून आला.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकीन' जहाजाने पेट घेतला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. एकाच कप्प्यात खाली कापूस, वर स्फोटके! युद्धाची निकड म्हणून ही जोडी चालवून घेतली गेली. धोक्याची खूण म्हणून लावावयाचा तांबडा बावटाही जहाजावर नव्हता.

दुपारी धूर दिसताच मुंबई अग्निशमन दलाचे बंब धावले. जहाज बुडवावे, बाहेर न्यावे, की पाणीच मारीत राहावे? सल्ले अनेक होते, निर्णय कोणाचाच नव्हता. इकडे कप्प्यात पाणी चढेल तसा जळता कापूस तरंगत स्फोटकांकडे सरकत होता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्या स्फोटात उडालेल्या सोन्याच्या विटांचे किस्से आजही चवीने सांगितले जातात. या ६६ जणांपैकी एकाचे तरी नाव आपणांस ठाऊक आहे काय? १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो.

नागरी संरक्षणाला १९६८ च्या कायद्याचा आधार आहे. ७ मे २०२५ रोजी देशात ठिकठिकाणी कवायतीही झाल्या. भोंगा आणि दिवे मालविणे लोकांच्या चटकन ध्यानात येते. साठ्यांची नोंद हा मात्र रुक्ष विषय वाटतो. माझ्या मते खरे काम तेथेच आहे. अग्निशामकाचा पहिला प्रश्न असतो, "आत काय आहे?" जळत्या तेलावर पाणी ओतले तर तेल तरंगत पसरते, विजेचा प्रवाह चालू असता पाण्याचा फवारा मारणाऱ्याच्याच जिवावर बेततो.

म्हणून सरपंचांना माझी विनंती आहे. जिनिंगचा कारखाना, खतांचे व कीटकनाशकांचे गोदाम, डिझेलचा साठा, कडब्याच्या गंजी यांची यादी करून ती ग्रामपंचायतीत आणि जवळच्या अग्निशमन केंद्रात ठेवा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना बरोबर घेतल्यास ती आठवड्यात होईल. प्रसंगी निर्णय कोण देणार, त्याचे नाव वर लिहा. बंब कोणत्या रस्त्याने शिरेल आणि कोणत्या विहिरीवर पाणी भरील, हेही त्याच कागदावर असू द्या.