गुण कळवावेत की झाकून ठेवावेत?



आपल्यातील काही मुले-मुली आता बारावीनंतर थेट अमेरिकेतील नामांकित कॉलेजांकडे अर्ज करू पाहत आहेत. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेतला कारकून आहे. रोजचा संबंध आकड्यांशी येतो, म्हणून आज आकड्यांच्याच एका प्रश्नावर बोलणार आहे. 'सॅट' किंवा 'एसीटी' परीक्षेचे कोणते गुण कॉलेजला कळवावेत?

सॅटमध्ये वाचन-लेखन आणि गणित असे दोन भाग असतात. प्रत्येकी कमाल ८००, एकूण १६००. एसीटीचे गुण ३६ पैकी मिळतात. परीक्षा मागणारी कॉलेजे साधारणपणे दोन्हींपैकी कोणतीही एक चालवून घेतात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक कॉलेजचा नियम वाचा. कोरोनामुळे २०२० साली अनेक कॉलेजांनी परीक्षेची सक्ती उठवली. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, ब्राऊन व हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा आणल्याचे जाहीर केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र २०२१ मध्ये प्रवेश ठरवताना हे गुण पाहायचे नाहीत असे पक्के केले. नियम बदलत राहतात. म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या मुलाच्या सांगण्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट, परीक्षा दोनदा दिली असेल तर. समजा, पहिल्या वेळी गणितात ७६० आणि वाचन-लेखनात ६५०, म्हणजे १४१० मिळाले. दुसऱ्या वेळी ७०० आणि ७२०, म्हणजे १४२०. वरवर पाहता दुसराच निकाल पाठवावा असे वाटेल. पण अनेक कॉलेजे प्रत्येक भागातील सर्वोच्च गुण उचलून बेरीज करतात. त्याला 'सुपरस्कोअर' म्हणतात. येथे तो ७६० अधिक ७२०, म्हणजे १४८० होतो! अशा ठिकाणी दोन्ही निकाल पाठवणेच फायद्याचे. काही कॉलेजे मात्र दिलेल्या सर्व परीक्षांचे निकाल मागतात. तेथे निवड करता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गुण पाठवणे ऐच्छिक असेल तेव्हा काय करावे? प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे गुण किती ते किती होते, हे बरीच कॉलेजे प्रसिद्ध करतात. आपले गुण त्या पट्ट्यात किंवा वर असतील, तर निःशंक पाठवावेत. थोडे खाली असतील, तर लगेच मान खाली घालू नका. गुण कळवून आत आलेल्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश मुले त्या पट्ट्याच्या खालचीच असतात. शिवाय हा हिशेब फक्त गुण कळवणाऱ्यांचा आहे. कमी गुणवाले गप्प राहिले, की पट्टा आपोआप वर सरकतो.

डार्टमथच्या प्राध्यापकांनी २०२४ मध्ये आपल्याच कॉलेजची आकडेवारी तपासली. त्यात असे आढळले की साधनांची कमतरता असलेल्या घरांतील अनेक मुलांनी १४०० च्या घरातील गुण कमी समजून झाकून ठेवले. ते कळवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता. कारण तेथे नुसता आकडा पाहत नाहीत. तो कोणत्या शाळेतून, कोणत्या परिस्थितीतून आला हेही पाहतात. ज्या शाळेत बहुतेकांना १००० गुण मिळतात, तेथून १४०० मिळवणाऱ्या मुलाची नोंद वेगळी होते.

मित्रांनो, खाते लपवून पत वाढत नाही, हे आम्ही बँकवाले रोज पाहतो. आपल्या मुलांना संकोच लवकर वाटतो. "एवढे कमी गुण कसे दाखवू?" असे म्हणून तुम्ही कष्टाने मिळवलेला पुरावा स्वतःच फाडून टाकू नका. नियम वाचा, पट्टा पाहा, आपली शाळा व परिस्थिती अर्जात स्पष्ट लिहा आणि मग निर्णय घ्या. तो निर्णय हिशेबाने व्हावा, न्यूनगंडाने नव्हे.