घरसभा आणि हजेरीची वही



अध्यक्षाने गोड बोलावे आणि भोजनाची वेळ झाली की बसावे, ही कार्यकारिणीची अपेक्षा मला निमंत्रणासोबतच कळवण्यात आली होती. पण हा माईक मला पुन्हा मिळणार नाही. आज जेवण थोडे थंड होईल.

विषय हजेरीच्या वहीचा आहे. हसू नका. घरसभेत ही वही आली आणि नाशकातली घरसभा संपली, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी सातपूरला पहिली पाळी करून आलेला माणूस कुणाच्याही दोन खोल्यांत शिरे, सतरंजीवर टेके, पेटी लागली की गाऊ लागे. आता दारातच वही पुढे येते. नाव, बाप्तिस्मा झाला का, वर्गणी भरली का, मूळ मंडळी कोणती. या शेवटच्या रकान्यात आजोबांचे गाव विचारले जाते, आणि गावामागे काय विचारायचे असते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरुण संघ ओस पडला तो वहीमुळे. पेटी वाजवणारा मिळत नाही तोही वहीमुळे. देवळाचे छप्पर गळते त्याचा वहीशी संबंध नाही, असे कोषाध्यक्ष म्हणतात. मला तेवढी खात्री नाही.

ज्या सद्गृहस्थांची घरसभा गंगापूर रोडवर सातव्या मजल्यावर भरते आणि जिथे खाली पहारेकऱ्याकडेच नाव लिहावे लागते, त्यांना वहीत काही गैर वाटत नाही, हे साहजिक आहे. महिला मंडळाला मी काही बोलणार नाही. त्यांचीही वही आहे, पण ती भिशीची.

आमच्या घरी सभा असली की शेजारच्या काकू ठसठशीत कुंकू लावून येत आणि आजीला खेटून बसत. त्यांना वाचता येत नव्हते, गाणी मात्र सगळी पाठ. पाळकसाहेब एखादे कडवे विसरले तर काकू पुढचा शब्द पुरवत. त्या ख्रिस्ती आहेत का, असे आजीला कोणी विचारले असते तर तिने त्याला चहा दिला नसता.

मी काही नवे मागत नाही. 1917 साली नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य तिथे बरोबरीने. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले, दरबारही पुढे टिकला नाही. टिकला नाही म्हणजे तो मार्गच चुकला, असे आमचे विद्वान सांगतात. या हिशेबाने गावोगावच्या बंद पडलेल्या मिशन शाळाही चुकल्याच म्हणायच्या!

आणि टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई? आपल्या जलालपूरची लेक. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, तिचा 1900 चा. ती नवऱ्याच्या संसारात परतली तेव्हा तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तिची ‘स्मृतिचित्रे’ आपण प्रत्येक कार्यक्रमात मिरवतो. ती बाई तेव्हा आपल्या घरसभेला आली असती तर आपण तिला कोणत्या रकान्यात बसवले असते?

आता शरणपूरचेही बोलून घेतो. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे राहिली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराईट. 1873 मध्ये आफ्रिकेच्या अरण्यात लिव्हिंग्स्टनचे हृदय पुरताना दफनविधीची प्रार्थना त्याने वाचली, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. शरणपूर रोडवर त्याच्या नावाची पाटी लावा, हे मी कंठशोष करून सांगतो आहे. दर वेळी उत्तर येते, पुढच्या बैठकीत घेऊ. याच नाशकात ती मुले सामावली. त्यांच्या आजोबांचे गाव सांगायला तेव्हा कोण होते?

अध्यक्षाने ठराव मांडू नये, असा नियम सचिव आता शोधतील. त्यांना तो सापडेपर्यंत मी वाचून टाकतो: ‘घरसभेला येणाऱ्याचे नाव, बाप्तिस्मा, वर्गणी वा मूळ मंडळी विचारली जाणार नाही, आणि आजवरच्या वह्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या येत्या रविवारी जमा कराव्यात.’

अनुमोदन देणाऱ्यांनी हात वर करावेत. आणि सचिवसाहेब, कोणाचे हात वर झाले ते कृपया लिहून घेऊ नका.